मराठी उपासनेतला गायकवृंद : चार आवाज की सगळ्या मंडळीचा एक सूर?

कॅम्पकर

सर्व सभासदांना जय ख्रिस्त.

बेळगावातल्या आमच्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत (चर्चच्या उपासक समुदायात) नाताळच्या गीतांची तयारी दरवर्षी ऑक्टोबरात सुरू होते. यंदा पहिल्याच बैठकीत मूळ मुद्द्यावरच मतभेद झाले. ज्येष्ठ गायकांचे म्हणणे असे की नाताळच्या सकाळच्या उपासनेत निदान दोन गीते पूर्वीप्रमाणे सोप्रानो व आल्टो (बायकांचे वरचे आणि खालचे आवाज), टेनर व बास (पुरुषांचे वरचे आणि खालचे आवाज) अशा चार आवाजांत झालीच पाहिजेत, कारण हा सराव एकदा मोडला की शिकवणारेच उरत नाहीत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की चार आवाजांचे गीत सुरू झाले की मंडळी पुस्तक मिटून ऐकत बसते. त्यापेक्षा पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांची भजने घ्यावीत, म्हणजे शेवटच्या बाकावरच्या आजीही गातील.

आमच्याकडे दोन्ही वारसे खरे आहेत. लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात १८२० साली काम सुरू केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते अमेरिकन मेथडिस्टांकडे आले. इंग्रजी गीते आणि त्यांचे चार आवाज या वाटेने आले. भजने, अभंग आणि ख्रिस्ती कीर्तन मात्र नगरच्या बाजूने मराठीतच घडून आमच्यापर्यंत पोहोचले. शेजारी कन्नड मंडळी आहे, तिची गाणी वेगळी आहेत, आणि आमच्या तरुणांना तीही येतात.

माझा प्रश्न असा आहे : गायकवृंदाने मंडळीसाठी गावे, की मंडळीला गायला लावावे? दोन्ही साधत असेल तर आपापल्या मंडळीत ते कसे साधले, हे कृपया सविस्तर लिहावे.

पायपेटी

कॅम्पकर, हा वाद मेथडिस्ट चळवळीच्या पहिल्या पिढीपासून चालत आलेला आहे. या चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७६१ साली गाण्याविषयी सात सूचना छापल्या. सर्वांनी गावे, अर्धवट झोपेत असल्यासारखे न गाता हिमतीने गावे, पण इतरांच्या वर आवाज चढवून मेळ बिघडवू नये, लय धरून राहावे आणि प्रत्येक शब्द गाताना देवाकडे लक्ष ठेवावे, असा त्यांचा आशय आहे. पुढे १७७९ साली संगीताच्या सामर्थ्यावर लिहिताना, एकाच वेळी वेगवेगळे गायक वेगवेगळे शब्द गातात अशा रचनांवर त्यांनी स्पष्ट टीका केली. त्यांचे बंधू चार्ल्स यांनी सहा हजारांहून अधिक गीते लिहिली ती सामान्य माणसाच्या तोंडी बसावीत म्हणूनच. खाणीतले मजूर आणि विणकर ती गात असत.

मी अनेक वर्षे उपासनेत पायपेटी वाजवत आलो आहे. वादकाच्या जागेवरून मंडळीचा आवाज जसा ऐकू येतो तसा तो बाकावरून येत नाही. तिसऱ्या कडव्याला सगळे घर एका सुरात आले की पेटीचा आवाज त्यात बुडून जातो, आणि त्या वेळी वादकाने भाता सैल सोडून मंडळीला पुढे जाऊ द्यावे, असे मला शिकवले गेले. माझे मत मंडळीच्या बाजूने आहे.

आल्टो_शहापूर

पायपेटी काका, आपल्या मताचा आदर राखून एक भेद मांडते. वेस्लींचा आक्षेप वेगवेगळे शब्द एकाच वेळी गाण्यावर होता. आपल्या पुस्तकांतल्या चार आवाजांच्या बहुतेक गीतांत चारही आवाज एकाच वेळी तेच अक्षर उच्चारतात, फक्त स्वर निराळे असतात. शब्द कुठेही झाकले जात नाहीत, त्यामुळे तो आक्षेप या गीतांना लागू करता येत नाही.

आल्टोची ओळ कशी असते, हे बाहेरच्यांना बहुधा ठाऊक नसते. वरचा आवाज प वरून ध वर जाऊन पुन्हा प वर येतो, तेवढ्या वेळात आम्ही ग, म, ग इतकेच गातो. कधी एकाच स्वरावर अख्खी अर्धी ओळ उभे राहावे लागते. घरी एकटीने म्हटले तर ती चाल वाटतच नाही, आणि भिंतीच्या आतल्या दगडासारखी ती कोणाला दिसतही नाही. पण आम्ही थांबलो की वरचा आवाज उघडा पडतो, हे सरावाच्या वेळी प्रत्येक नवशिक्या मुलीला प्रत्यक्ष करून दाखवावे लागते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या बायकांचा आवाज मुळात खालचा असतो त्यांना एका सुरातल्या गाण्यात वर ताणावे लागते, आणि काही जणी संकोचून गाणेच सोडतात. माझ्या आईने असेच सोडले होते. गायकवृंदात आल्टोची जागा मिळाल्यावर ती पुन्हा गायला लागली आणि अखेरपर्यंत गात राहिली. चार आवाज म्हणजे मंडळीला गप्प करणे, असे सरसकट म्हणणे मला म्हणूनच मान्य नाही.

खानापूरकर

आमची मंडळी खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. आमच्याकडे गायकवृंदाचा वेगळा बाक नाही. जे पुढे बसतात ते आधी म्हणतात आणि बाकीचे मागून म्हणतात. आमच्या भागातला पाऊस सर्वांना माहीत आहे. जूनपासून तबल्याची पुडी दमट होऊन सूर उतरतो, हातोडीने गठ्ठे ठोकून तो एका गीतापुरता वर आणावा लागतो, आणि पेटीतला एखादा सूर हमखास चिकटतो. कौलांवर जोराची सर आली की पाळकसाहेबांचा उपदेशसुद्धा तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी टाळ आणि एका सुरातले भजन एवढेच टिकते. नाजूक बांधणी करून ठेवली तरी ती ऐकणार कोण?

टिळकांचे मोठेपण मला इथे जाणवते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पुढे १९१९ सालच्या निधनापर्यंत त्यांनी अभंग, ओवी आणि पदे यांतून जी रचना केली, ती कोणत्याही भजनी मंडळाला उचलता येते. आमच्या गावात वारकरी भजनी मंडळ आहे. नाताळच्या संध्याकाळी शेजारी येऊन बसतात, आणि ध्रुवपद एकदा ऐकले की दुसऱ्या खेपेला ते आमच्याबरोबर म्हणतात. गावात एवढे एकत्र गाणे दुसऱ्या कोणत्या प्रसंगी होत नाही. टिळकांच्याही आधी नगरच्या कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट घालून दिली होती, हेही इथे नोंदवले पाहिजे.

नेहमीची_वाचक

खानापूरकर, आपल्याकडे साकी आणि दिंडी या मराठी वृत्तांच्या जुन्या चाली अजून गातात का?

खानापूरकर

दिंडी गातात. साकी आता फक्त दोन वृद्ध बहिणींना येते, आणि त्यांच्याकडून ती फोनवर ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम तरुण संघाने हाती घेतले आहे.

लघुगुरू

चार आवाज की एक सूर, यापेक्षा वेगळी अडचण मला अनेक वर्षे खुपते आहे, आणि ती सोडवल्याशिवाय कॅम्पकरांच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. चार आवाजांची आपली बहुतेक मराठी गीते भाषांतरित आहेत. इंग्रजी गीतांची वृत्ते अक्षरांच्या संख्येवर आणि आघातावर चालतात. आठ, सहा, आठ, सहा अक्षरांचे चरण हे त्यांतले अत्यंत रूढ वृत्त आहे, आणि त्याची चाल बहुधा आघात नसलेल्या अक्षराने सुरू होऊन दुसऱ्या अक्षरावर समेसारखी पडते. मराठीत आघात तसा नाही; आपल्या कानाला ऱ्हस्व-दीर्घ कळते.

उदाहरण म्हणून दोन शब्द घेऊ. ‘प्रभू’ हा शब्द लघु-गुरू असल्याने अशा चालीच्या आरंभी अगदी नीट बसतो. ‘येशू’ मध्ये दोन्ही अक्षरे गुरू आहेत. चरणाच्या आरंभी ‘येशू’ घातला की ‘ये’ चुटकीसरशी उडवून ‘शू’ लांबवावा लागतो, आणि ज्या नावासाठी गीत लिहिले तेच नाव कानाला वेडेवाकडे लागते. भाषांतरकाराने अक्षरे मोजून बरोबर बसवली, पण गुरू अक्षरे कुठे पडतात हे पाहिले नाही, असे कितीतरी ठिकाणी दिसते. मंडळी अशा गीताला अडखळते ती चार आवाजांमुळे नव्हे. शब्द आणि चाल एकमेकांना ओढत असतात म्हणून अडखळते.

अभंगात हा प्रश्न येत नाही. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा, चार असे चरण अक्षरसंख्येवर चालतात आणि गाणारा हवे ते अक्षर लांबवू शकतो. म्हणून माझी सूचना अशी की नाताळसाठी चार आवाजांचे गीत निवडताना आधी कोणी तरी ते नुसते वाचून दाखवावे, मग चालीवर म्हणावे. जिथे बोली मोडते तिथे तो शब्द बदलावा, किंवा ते गीतच बाजूला ठेवावे.

धारवाडची_मराठी

लघुगुरू यांनी लिहिलेली अडचण कन्नड बाजूला फार आधी ओळखली गेली होती. बासेल मिशन या युरोपीय प्रोटेस्टंट मिशनचे लोक धारवाडला १८३७ साली आले. पुढे त्याच मिशनमध्ये आलेले फर्डिनांड किटेल यांना आपण कन्नड शब्दकोशामुळे ओळखतो, परंतु त्यांनी १८६२ साली ‘कथामाले’ या नावाने ख्रिस्तचरित्र देशी छंदांत लिहिले, आणि १८७५ साली नागवर्म्याचा कन्नड छंदशास्त्रावरचा ग्रंथ संपादित करून छापला. परक्या भाषेत गीत लिहायचे तर आधी तिचे छंद शिकले पाहिजेत, ही त्यांची निष्ठा होती. दुसरीकडे त्याच मिशनने जर्मन कोरलच्या (चर्चमधल्या सामूहिक गीतांच्या) चाली चार आवाजांसह आणल्या, आणि त्या आजही गायल्या जातात.

माझे माहेर बेळगावचे मराठी आणि सासर धारवाडचे कन्नड आहे. संयुक्त उपासनेत आम्ही एकच चाल घेऊन पहिले कडवे मराठीत, दुसरे कन्नडमध्ये आणि शेवटचे ज्याला जे येईल त्या भाषेत असे गातो. अशा वेळी चार आवाज फार उपयोगी पडतात, कारण भाषा बदलली तरी आल्टो, टेनर आणि बास यांच्या ओळी त्याच राहतात आणि चाल हलत नाही. सीमेच्या वादावर या जिल्ह्याने पुष्कळ सोसले आहे, त्यात मला शिरायचे नाही. परंतु कन्नड आणि मराठी माणसे खांद्याला खांदा लावून एक गीत पूर्ण म्हणतात ही गोष्ट मी दरवर्षी पाहते, आणि ती टिकावी असे मला मनापासून वाटते.

कोमल_गंधार

दोन्ही पक्षांनी एक तांत्रिक बाजू विचारात घ्यावी. कोणत्याही चालीला चार आवाज लावता येत नाहीत. पाश्चात्त्य मेळात (म्हणजे एकाच वेळी लागणाऱ्या निरनिराळ्या स्वरांच्या बांधणीत) ओळ संपताना पंचमावरचा मेळ येतो आणि त्यात शुद्ध निषाद असतो. तोच षड्जाकडे ओढून नेतो. भैरवीत किंवा भीमपलासात निषाद कोमल आहे. त्या चालीखाली शुद्ध निषादाचा मेळ घातला की राग तिथल्या तिथे मोडतो, आणि ऐकणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काही तरी बोचते. बिलावल अंगाच्या, भूपातल्या किंवा पहाडी वळणाच्या चाली मात्र मेळ सहज स्वीकारतात.

म्हणून टिळकांची भैरवीतली भजने जशी आहेत तशीच एका सुरात गावीत. भर हवा असेल तर बासवाल्यांनी खाली षड्ज आणि पंचम धरून ठेवावा, तेवढ्याने घर भरते. बेळगाव-धारवाडच्या मातीत हे कळणारे कान नेहमीच होते. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली इथून जवळच सुळेभावीला झाला, आणि पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी बेळगावात राहून पेटी किती गाऊ शकते हे दाखवून दिले. मराठी नाट्यसंगीतातही ऑर्गन होताच, पण तो गायकाच्या मागोमाग जात असे. आपल्या उपासनेत तो संस्कार कमी पडतो असे मला वाटते. पेटीवादक प्रत्येक स्वराखाली तीन बोटे दाबतो आणि भजनाचा श्वास कोंडतो.

पायपेटी

कोमल गंधार यांच्याशी पूर्ण सहमत आहे. भजनाला एकच स्वरमालिका आणि मधूनमधून षड्ज-पंचम, एवढेच वाजवावे.

तिसरा_बाक

तरुण संघाच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे पायपेटी बंद पडून कोपऱ्यात आहे आणि उपासना कीबोर्डवर चालते. कीबोर्डवर तालाचे बटण असते, एकदा दाबले की तो ताल सारखा वाजत राहतो, आणि मंडळीला जिथे श्वास घ्यायचा असतो तिथे तो थांबत नाही. ही तक्रार ज्येष्ठ लोक करतात आणि ती योग्य आहे. आम्ही ते बटण आता वापरत नाही.

पण नव्या साधनांमुळे चार आवाज शिकणे सोपे झाले आहे, हेही लिहिले पाहिजे. आम्ही प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी गाऊन व्हॉट्सॲपच्या गटावर पाठवतो. उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळीवर काम करणारे दोन टेनर सरावाला नियमित येऊ शकत नाहीत. ते जाता-येता ऐकून ओळ पाठ करतात आणि शनिवारी सरळ उभे राहतात. स्वरलिपी न वाचता येणाऱ्यांना पूर्वी गायकवृंदात घेत नसत. आता तो अडसर राहिलेला नाही.

निपाणीकर

नाताळ आणि ईस्टर यांवर पुष्कळ लिहिले गेले. मला दफनविधीच्या गाण्याविषयी लिहायचे आहे, कारण मंडळीला खरोखर काय येते ते तिथे कळते.

कबरस्तानात पेटी नसते, पुस्तके बहुतेकांनी आणलेली नसतात, आणि माती लोटण्याचे काम चालू असताना गाणे थांबवता येत नाही. गायकवृंदातले चार-पाच जण कबरीच्या डोक्याशी उभे राहतात आणि सूर देतात. पहिले कडवे सगळ्यांना येते. दुसऱ्या कडव्याला आवाज विरळ होऊ लागतात, आणि तिसऱ्याला केवळ गायकवृंद उरतो. तेव्हा त्यांनी शब्द स्वच्छ उच्चारले तर लोक अर्धे अक्षर मागे राहून का होईना, पण म्हणतात. घरची माणसेसुद्धा म्हणतात. माझ्या वडिलांच्या वेळी माझा आवाज फुटत नव्हता आणि शेजारचा बास गाणारा माणूस माझ्या कानाशी वाकून खालच्या सुरात प्रत्येक ओळ म्हणत राहिला. त्याच्या आधाराने मी शेवटचे कडवे म्हणू शकलो.

कॅम्पकरांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की गायकवृंदाला सगळी कडवी पाठ असणे हे चार आवाजांच्याही आधीचे कर्तव्य आहे. आमच्याकडे सरावाची सुरुवात पुस्तक मिटून एक जुने गीत म्हणण्यानेच होते.

मूळ_बेळगावकर

निपाणीकर, आपला प्रतिसाद वाचून फार गलबलून आले.

पाठांतरावरून पुढचा मुद्दा मांडतो. मी आता पुण्यात असतो, पण सणाला बेळगावला येतो. मंडळीतली बरीच मुले इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. ती घरी मराठी बोलतात, परंतु ‘उपासना संगीत’ हे आपले गीतांचे पुस्तक उघडले की देवनागरीतली जोडाक्षरे वाचता वाचता ओळ निघून जाते. काही ठिकाणी पडद्यावर रोमन लिपीत शब्द दाखवतात. त्याने त्या दिवसापुरते गाणे होते, पण ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक पुसला जातो आणि वर्षभरात मुले तसेच उच्चारू लागतात. शब्बाथ शाळेत दर आठवड्याला एक कडवे देवनागरीतून वाचून घेणे आणि मग चालीवर म्हणणे, हा उपाय आमच्या नात्यातल्या एका शिक्षिकेने सुरू केला आणि त्याचा चांगला परिणाम दिसतो आहे. गायकवृंदाची पुढची पिढी तिथूनच येणार आहे.

कॅम्पकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्व प्रतिसाद छापून मी कालच्या बैठकीत वाचून दाखवले. असे ठरले आहे की चार आवाजांचे एकच गीत घ्यायचे, ते बिलावल अंगाच्या चालीचे असावे, आणि लघुगुरू यांच्या सूचनेप्रमाणे आधी वाचून तपासायचे. त्याची पहिली दोन कडवी गायकवृंद गाईल आणि शेवटच्या कडव्याला सगळी मंडळी मुख्य चाल म्हणेल, आल्टो, टेनर आणि बास आपापल्या ओळी खाली धरून ठेवतील. बाकीची सर्व गीते भजने असतील.

एक अडचण उरली आहे. मंडळीच्या कपाटात चार आवाजांची जुनी हस्तलिखिते सापडली. ती पाच रेघांच्या लिपीत नाहीत. नुसती इंग्रजी अक्षरे, मध्ये विसर्गासारखी टिंबे आणि उभ्या रेघा आहेत. आमच्यापैकी कोणालाही ती वाचता येत नाहीत. शिवाय आमच्या सोप्रानोंना पुस्तकातली पट्टी उंच पडते.

आल्टो_शहापूर

कॅम्पकर दादा, ती टॉनिक सोल्फा पद्धत असणार. सारा ग्लोव्हर यांच्या कल्पनेवरून जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडात रूढ केली, आणि मिशनांबरोबर ती जगभर गेली. वाचायला अगदी सोपी आहे, कारण तिचा पहिला स्वर आपल्या षड्जासारखा कोणत्याही पट्टीवर धरता येतो. d, r, m, f, s, l, t या अक्षरांच्या जागी क्रमाने सा, रे, ग, म, प, ध, नी लिहीत जा. अक्षराच्या पायाशी लहान आकडा असेल तर मंद्र सप्तक समजून स्वराखाली टिंब द्या, शेंड्याशी असेल तर तार सप्तक समजून वर टिंब द्या. उभ्या रेघांमधला भाग म्हणजे तालाचे खंड, आणि दोन टिंबांनी मात्रा वेगळ्या होतात. आडवी रेघ आली तर मागचा स्वर तसाच लांबवायचा. एका गीताच्या चार ओळी देवनागरीत उतरवायला एक संध्याकाळ पुरते. मी येत्या शनिवारी सरावाला येऊन आल्टोची ओळ उतरवून देईन.

पायपेटी

पट्टीविषयी लिहितो. पुस्तकात पांढरी चार असेल, म्हणजे षड्ज पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीवर असेल, आणि चाल तार षड्जापर्यंत जात असेल, तर मंडळीला ती उंच पडणारच. पांढरी दोनवर उतरवली तर सोप्रानो आणि मंडळी सुखाने गातील, पण बासचे खालचे स्वर बहुतेकांच्या गळ्यातून निघणार नाहीत. काळी दोन घ्यावी, आणि बासच्या ओळीत मंद्र पंचमाच्या खाली जे स्वर असतील ते वरच्या सप्तकात लिहून द्यावेत. पहिल्या सरावाला बासवाल्यांना वेगळे बसवा. तेवढ्या एका बदलाची सवय व्हायला त्यांना वेळ लागतो.